शुद्ध हरपलेल्यांची परीक्षा

मनुष्य बेशुद्ध पडला म्हणजे त्याच्या अंथरुणाभोंवतीं जमलेल्या आप्तांच्या तोंडून दोनच प्रश्न निघतात. याला कळतें आहे का, हा पहिला. आणि हा शुद्धीवर येईल का, हा दुसरा. पहिला प्रश्न निदानाचा, दुसरा भविष्याचा. वैद्यकानें नाडीचे ठोके मोजले, रक्तांतील साखर मोजली, हाडाची भेग क्ष-किरणांनीं पाहिली; परंतु दुसऱ्याच्या ठायीं जाणीव आहे कीं नाहीं, हें प्रत्यक्ष पाहण्याचें साधन त्याच्या हातीं नव्हतें. वैद्याला दिसते ती केवळ हालचाल. जाणीव ही त्या हालचालीवरून अनुमानानें ठरवावयाची. हें अनुमान कोणत्या मार्गांनीं करण्यांत आलें, तें कोठें चुकलें आणि त्या चुकीची किंमत कोणाला द्यावी लागली, याचा इतिहास मुख्यतः गेल्या शंभर वर्षांत घडला आहे.

या प्रश्नांचा विचार आपल्या देशांत मात्र फार प्राचीन काळीं झालेला आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चोविसाव्या अध्यायांत मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा शुद्ध हरपण्याच्या तीन चढत्या अवस्था सांगितल्या आहेत. मद आणि मूर्च्छा हीं दोषांचा वेग ओसरला म्हणजे आपोआप शमतात. संन्यास मात्र औषधावांचून जात नाहीं. संन्यासांत पडलेला रोगी लाकडासारखा, मेल्यासारखा दिसतो. निदानाबरोबर भविष्यहि सांगण्याचा हा स्पष्ट प्रयत्न आहे. अशा रोग्याला जागें करण्यासाठीं तीक्ष्ण अंजन घालावें, नखांच्या आंत सुई टोंचावी, केस ओढावे, दांतांनीं चावावें, असे उपाय चरकानें दिले आहेत. आजचा डॉक्टर बेशुद्ध रोग्याच्या नखावर पेन्सिलीनें दाब देतो आणि रोगी हात मागें घेतो का तें पाहतो. चरकाचा हेतु उपचाराचा, आजच्या डॉक्टराचा परीक्षेचा. तरी मार्ग एकच. बाहेरून त्रास द्यावा आणि आंतून उत्तर येतें का, याची वाट पाहावी.

पुढें कित्येक शतकें हा विचार फारसा सरकला नाहीं, आणि त्याला सबळ कारण होतें. जो गिळूं शकत नाहीं तो पाण्यावांचून थोड्याच दिवसांत जाई. जो खोकूं शकत नाहीं त्याच्या छातींत कफ सांचून न्यूमोनिया होई. त्यामुळें गाढ बेशुद्धींतील रोगी एक तर थोड्या दिवसांत जागा होई, नाहीं तर थोड्या दिवसांत मरे. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर निसर्गच देत असे, आणि तें मिळाल्यावर पहिला प्रश्न विचारण्याचें कारण उरत नसे.

जागृतीचें अधिष्ठान मेंदूंत कोठें आहे, याचा पहिला भक्कम धागा एका साथीनें हातीं दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत युरोपांत मेंदूच्या दाहाचा एक विलक्षण रोग पसरला. त्यांतील कांहीं रोगी आठवडेच्या आठवडे झोपत, तर कांहींच्या डोळ्याला डोळा लागत नसे. व्हिएन्ना येथील कॉन्स्टांटिन फॉन इकॉनोमो यांनीं १९१७ सालीं या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. मृत रोग्यांचे मेंदू तपासून त्यांनीं दाखविलें कीं, झोपाळू रोग्यांत मेंदूच्या देठाचा वरचा भाग व त्याला लागून असलेला हायपोथॅलॅमसचा मागचा भाग बिघडलेला असतो. निद्रानाश झालेल्यांत हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग बिघडलेला असतो. जागृति ही सबंध मेंदूची आपोआप घडणारी गोष्ट नव्हे, ती राखणारी वेगळी जागा आहे, हें यावरून प्रथम कळलें.

जर्मनींत जेना येथें हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विजेचे तरंग प्रथम टिपले आणि १९२९ सालीं ते प्रसिद्ध केले. गाढ झोपेंत हे तरंग संथ आणि उंच असतात. जागेपणीं जलद आणि ठेंगणे. या साधनाच्या आधारें बेल्जियममधील फ्रेडेरिक ब्रेमर यांनीं १९३५ सालीं मांजराच्या मेंदूचा देठ मध्यमेंदूच्या पातळीवर छेदला, तेव्हां वरच्या मेंदूंत केवळ झोपेचे तरंग उरले. तोच छेद खालीं मज्जारज्जूच्या तोंडाशीं घेतला, तेव्हां झोप आणि जाग यांचें चक्र चालूच राहिलें. पुढें १९४९ सालीं जुझेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगून यांनीं अमेरिकेंत देठाच्या गाभ्यांतील जाळीदार भागाला विजेचा सौम्य प्रवाह दिला, आणि झोपेचे तरंग क्षणांत जागृतीच्या तरंगांत पालटले.

या संशोधनांतून एक महत्त्वाचा भेद पुढें आला. जागेपण ही एक गोष्ट आणि जाणीव ही दुसरी. जागेपण मेंदूचा देठ राखतो; जाणिवेला त्यावरील मेंदू, त्याचें आवरण आणि दोहोंना जोडणारा थॅलॅमस नांवाचा भाग यांचें सहकार्य लागतें. घरांत दिवा जळत असला म्हणून घरांत कोणी जागें आहे असें होत नाहीं. तसेंच डोळे उघडे असले म्हणून आंत जाणीव आहे असें सिद्ध होत नाहीं.

हा भेद रुग्णशय्येवरहि दिसूं लागला होता. एर्न्स्ट क्रेश्मर यांनीं १९४० सालीं जर्मनींत अशा रोग्यांचें वर्णन केलें कीं, जे डोळे उघडतात, पण भोंवतालच्या जगाला कसलाच प्रतिसाद देत नाहींत. पुढच्याच वर्षीं इंग्लंडमध्यें ह्यू केर्न्स व त्यांचे सहकारी यांनीं चौदा वर्षांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. ती निश्चल आणि निःशब्द पडून असे. केवळ तिची नजर माणसांच्या मागें फिरे. तिच्या मेंदूच्या तिसऱ्या पोकळींत एक द्रवानें भरलेली गांठ होती. सुईनें तो द्रव काढून घेतांच ती भानावर आली व बोलूं लागली. जी अवस्था पाहणाऱ्याला कायमची वाटावी, तिच्या मुळाशीं दूर करतां येण्याजोगें कारण असूं शकतें, हा धडा या मुलीनें दिला.

तरीहि असे रोगी थोडे होते. त्यांची संख्या वाढली ती एका उपकारक शोधामुळें. १९५२ सालीं कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर साथ आली आणि श्वासाचे स्नायू लुळे पडून मुलें गुदमरूं लागलीं. बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानें गळ्याला छिद्र पाडून नळीवाटे फुप्फुसांत हवा भरण्याची पद्धति सुचविली. यंत्रें पुरेशीं नव्हतीं. म्हणून सुमारें दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रबरी पिशव्या हातांनीं दाबीत रात्रंदिवस बसले. त्या पिशव्यांची जागा पुढें यंत्रांनीं घेतली आणि अतिदक्षता विभाग जन्माला आला. असंख्य माणसें वांचलीं. पण त्याचबरोबर ज्यांचा मेंदू फार दुखावला आहे, अशीं माणसेंहि श्वासयंत्र आणि अन्ननलिका यांच्या बळावर महिनेच्या महिने जगूं लागलीं. निसर्ग ज्या प्रश्नाचें उत्तर देऊन मोकळा होत असे, तो प्रश्न आतां डॉक्टरांपुढें येऊन उभा राहिला.

त्याचा एक भाग लवकर सुटला. पॅरिसमध्यें मोलारे आणि गूलों यांनीं १९५९ सालीं अशा २३ रोग्यांचें वर्णन केलें कीं, ज्यांचें हृदय चालू आहे, पण मेंदूचें सर्व कार्य थांबलें आहे. देठाचेंहि थांबलें आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनें १९६८ सालीं ही अवस्था ओळखण्याच्या कसोट्या ठरविल्या. हाच मेंदू-मृत्यु. येथें जागेपणहि नाहीं आणि जाणीवहि नाहीं, आणि यांतून कोणी परत येत नाहीं. अवघड भाग निराळाच होता. जे स्वतः श्वास घेतात, सकाळीं डोळे उघडतात, रात्रीं मिटतात, पण हांक मारली असतां ओ देत नाहींत, त्यांना काय म्हणावयाचें?

ग्लासगोचे शस्त्रवैद्य ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे मज्जातंतुतज्ज्ञ फ्रेड प्लम यांनीं एप्रिल १९७२ मध्यें ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत या अवस्थेला ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ असें नांव दिलें. श्वास, पचन, झोप आणि जाग हे शरीराचे व्यवहार चालू आहेत, परंतु मनाच्या व्यवहाराची खूण दिसत नाहीं, असा त्याचा अर्थ. दोघांनीं शब्द जपून वापरले होते. ‘पर्सिस्टंट’ म्हणजे टिकून राहिलेली, कायमची नव्हे. ‘कायमची’ म्हणण्याइतका पुरावा आपल्यापाशीं नाहीं, हें त्यांना ठाऊक होतें. परंतु इंग्रजींत कायम या अर्थाच्या ‘पर्मनंट’ शब्दाचें आद्याक्षरहि तेंच. पुढें पी. व्ही. एस. हीं तीन अक्षरें रूढ झालीं आणि टिकून राहिलेली अवस्था कोणती व कायमची कोणती, हा फरक कित्येकांच्या ध्यानांतून गेला. एका आद्याक्षराच्या आड निदान आणि भविष्य एकमेकांत मिसळून गेलीं.

याच जेनेट यांनीं ग्रॅहॅम टीसडेल यांच्यासह १९७४ सालीं बेशुद्धि मोजण्याची एक सोपी पट्टी तयार केली. रोगी डोळे केव्हां उघडतो, काय बोलतो आणि अवयव कसे हालवितो, या तीन गोष्टींना गुण द्यावयाचे. आजच्या रूपांत तिचे गुण कमींत कमी ३ आणि अधिकांत अधिक १५ असतात. ग्लासगो पट्टी या नांवानें ती जगभर पसरली आणि मुंबईच्या परिचारिकेनें मांडलेला आंकडा लंडनच्या डॉक्टरालाहि समजूं लागला. मात्र ही पट्टी मोजते ती हालचाल, हें मर्म घाईंत विसरलें जाण्याचा संभव होता.

भविष्यकथन किती निसरडें असतें, हें लवकरच एका खटल्यानें दाखविलें. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यांत कॅरेन अ‍ॅन क्विनलन ही एकवीस वर्षांची तरुणी १९७५ सालीं बेशुद्ध झाली व श्वासयंत्रावर राहिली. यंत्र काढावें अशी तिच्या वडिलांची मागणी होती. १९७६ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें ती मान्य केली. यंत्र काढल्यावर ती फार दिवस जगणार नाहीं असा समज होता. प्रत्यक्षांत ती स्वतःच्या श्वासावर नऊ वर्षें जगली आणि १९८५ सालीं मरण पावली. शुद्ध मात्र तिला आली नाहीं. पुढें तिच्या मेंदूची तपासणी १९९४ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां सर्वाधिक नाश अपेक्षेप्रमाणें मेंदूच्या आवरणांत नसून थॅलॅमसमध्यें आढळला.

एकेका रोग्यावरून नियम बांधतां येत नाहीं, म्हणून डॉक्टर संख्येकडे वळले. प्लम यांच्या सहकाऱ्यांनीं १९८५ सालीं प्राणवायूच्या अभावानें बेशुद्ध झालेल्या २१० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या तपासणींत ज्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशानें आकुंचन पावल्या नाहींत असे ५२ रोगी होते. त्यांपैकीं एकहि पुढें स्वावलंबी झाला नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंतील पांच वैद्यकीय संस्थांच्या संयुक्त मंडळानें आणखी व्यापक आंकडे दिले. अपघातानंतर एक महिना या वनस्पतिवत् अवस्थेंत असलेल्या प्रौढांपैकीं शेंकडा ५२ जणांना वर्षभरांत जाणीव आली. अपघाताव्यतिरिक्त इतर कारणांनीं या अवस्थेंत गेलेल्यांपैकीं केवळ शेंकडा १५ जणांना. यावरून अपघातानंतर बारा महिने आणि इतर कारणांनंतर तीन महिने लोटले म्हणजे अवस्था कायमची समजावी, असा दंडक पडला. आंकडे प्रामाणिक होते. पण त्यांच्या मुळाशीं एक गृहीत गोष्ट होती : ज्यांना जाणीव नाहीं असें म्हटलें, त्यांना ती खरोखरच नव्हती.

दोनच वर्षांत या गृहीताला धक्का बसला. लंडनमधील पटनी येथील रुग्णालयांत वनस्पतिवत् अवस्थेचें निदान होऊन आलेल्या ४० रोग्यांची तज्ज्ञांनीं सावकाश तपासणी केली. त्यांतील १७ जणांचें निदान चुकलेलें निघालें. कांहीं जण तर चार वर्षांहून अधिक काळ जाणीवशून्य मानले गेले होते. एखादी कळ दाबून किंवा डोळ्यांनीं खूण करून त्यांनीं उत्तरें दिलीं. चूक कशी झाली, याचें कारण फार साधें होतें. त्यांतील बहुतेक अंध झाले होते किंवा त्यांना अत्यंत कमी दिसत होतें. जो पाहूंच शकत नाहीं तो दाखविलेल्या वस्तूकडे नजर कशी वळविणार? ज्याचे चारी अवयव लुळे आहेत तो हात वर कसा करणार? त्यांच्या मौनाचा अर्थ परीक्षकानें आपल्या सोयीनें लावला होता. पुढें २००९ सालीं बेल्जियममधील पाहणींतहि तेंच दिसलें. वनस्पतिवत् ठरविलेल्या ४४ पैकीं १८ जणांत जाणिवेच्या खुणा सांपडल्या.

शरीराचें दार बंद असतां आंत मनुष्य पूर्ण जागा असूं शकतो, हें वैद्यकाला अगदींच अपरिचित नव्हतें. प्लम आणि पोस्नर यांनीं १९६६ सालीं ‘लॉक्ड-इन’ म्हणजे कोंडलेल्या अवस्थेला नांव दिलेंच होतें. फ्रेंच संपादक जां-दोमिनिक बोबी यांना १९९५ सालीं अर्धांगाच्या झटक्यानें ही अवस्था आली. केवळ डाव्या डोळ्याची पापणी मिटून त्यांनीं एकेक अक्षर निवडलें आणि सबंध पुस्तक सांगितलें. तें १९९७ सालीं प्रसिद्ध झालें. पण तें दार पूर्ण बंद आणि पूर्ण उघडें यांच्या दरम्यानहि अनेक अवस्था आहेत, हें मान्य व्हावयास २००२ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं जोसेफ जियाचिनो व इतर तज्ज्ञांनीं अत्यल्प जाणिवेच्या अवस्थेची व्याख्या केली. असा रोगी कधीं आज्ञा पाळतो, कधीं पाळीत नाहीं. सकाळीं नजर फिरवितो, दुपारीं निपचित पडतो. या अवस्थेंतील कांहींचें भविष्य वनस्पतिवत् अवस्थेपेक्षां पुष्कळ आशादायक असतें. अमेरिकेंतील आर्कान्सा राज्यांतील टेरी वॉलिस हा तरुण १९८४ च्या अपघातानंतर १९ वर्षें बोलला नव्हता. २००३ सालीं त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो आईला उद्देशून. नंतरच्या तपासणींत तो याच अत्यल्प जाणिवेच्या वर्गांतील ठरला.

यामुळें परीक्षेची रीतच बदलली. २००४ सालच्या सुधारित कोमा-रिकव्हरी पट्टींत ऐकणें, पाहणें, हालचाल, उच्चार, संवाद आणि जागेपण या सहा अंगांची पद्धतशीर कसोटी लागते. नजर फिरते का हें पाहतांना बोट किंवा पेन न दाखवितां आरसा दाखवावा, असें पुढें बेल्जियममधील अभ्यासानें सुचविलें. कारण स्वतःच्या चेहऱ्यामागें नजर अधिक सहज वळते. एका भेटींत निर्णय करूं नये, दोन आठवड्यांत निदान पांच वेळां तपासावें, हाहि नियम झाला. रोगी कधीं जागा होतो, कोणाच्या आवाजाला मान वळवितो, हें रोज उशाशीं बसणाऱ्या आईला किंवा पत्नीला अधिक दिसतें. तें ऐकून घेणें हा परीक्षेचाच भाग ठरला.

तथापि ज्याच्या देहाची एकहि हालचाल त्याच्या ताब्यांत नाहीं, त्याची परीक्षा कशी घ्यावी? केंब्रिज येथील एड्रियन ओवेन यांनीं २००६ सालीं याचें उत्तर दिलें. अपघातानंतर वनस्पतिवत् ठरलेल्या २३ वर्षांच्या एका तरुणीला एम. आर. आय. यंत्रांत निजवून त्यांनीं सांगितलें, टेनिस खेळत असल्याची कल्पना कर. मग सांगितलें, आपल्या घरांतील खोल्यांतून हिंडत असल्याची कल्पना कर. प्रत्येक वेळीं तिच्या मेंदूचे तेच भाग जागे झाले, जे निरोगी माणसांचे होतात. हात हालला नाहीं, पण आज्ञा पाळली गेली. २०१० सालीं हीच कसोटी ५४ रोग्यांना लावण्यांत आली आणि पांच जण तींत उतरले. त्यांतील एकानें तर ‘होय’साठीं टेनिस आणि ‘नाहीं’साठीं घर अशा संकेतानें प्रश्नांचीं उत्तरें दिलीं.

भविष्यकथनालाहि यांतून नवें साधन मिळालें. न्यूयॉर्क येथें यान क्लासेन व सहकारी यांनीं २०१९ सालीं १०४ ताज्या रोग्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूठ उघडा, मिटा, अशी आज्ञा दिली असतां हात हालत नव्हते. पण १६ जणांच्या मेंदूच्या तरंगांत आज्ञेची छाप उमटली. वर्षाअखेरीस या गटांतील शेंकडा ४४ जण दिवसांतील कांहीं तास तरी कोणाच्या मदतीवांचून राहूं शकत होते. इतरांत हें प्रमाण शेंकडा १४ होतें. २०२४ सालच्या अनेक देशांतील मोठ्या पाहणींत, बाहेरून प्रतिसाद न देणाऱ्या २४१ पैकीं ६० जणांत अशी झांकलेली जाणीव दिसली. याच पाहणींतील दुसरा आंकडाहि तितकाच बोलका आहे. जे ११२ रोगी उघडपणें आज्ञा पाळीत होते, त्यांपैकीं केवळ ४३ जण यंत्राच्या कसोटीला उतरले. अर्थात् यंत्रानें ‘आहे’ म्हटलें तर त्याला मोल आहे; ‘नाहीं’ म्हटलें तर तेवढ्यावरून कोणाचें दार बंद करतां येत नाहीं. मौनाचा अर्थ लावण्याची जुनी चूक नव्या यंत्राच्या हातूनहि घडूं शकते.

उपचाराच्या बाजूनेंहि निराशेला थोडी फट पडली आहे. २००७ सालीं निकोलस शिफ व सहकारी यांनीं सहा वर्षें अत्यल्प जाणिवेच्या अवस्थेंत असलेल्या एका रोग्याच्या थॅलॅमसला विजेचें उत्तेजन दिलें, आणि त्याच्या बोलण्यांत व खाण्यापिण्यांत सुधारणा झाली. प्रथम इन्फ्लुएंझावर वापरांत आलेल्या अमॅन्टाडीन या औषधानें अपघातानंतरच्या १८४ रोग्यांत सुधारणेचा वेग वाढल्याचें २०१२ सालीं दिसून आलें. हे उपाय चमत्कार नव्हेत. ज्यांच्या मेंदूचा फार मोठा भाग प्राणवायूवांचून नष्ट झाला आहे, त्यांना अजून कोणतेंहि औषध परत आणीत नाहीं.

या इतिहासांत सर्वांत गंभीर गोष्ट कोणती असेल, तर ती भविष्य स्वतःला खरें करून दाखवितें ही. हा सुधारणार नाहीं, असें पहिल्याच दिवशीं ठरलें. म्हणून उपचार थांबविले. म्हणून तो मेला. आणि त्याच्या मृत्यूची नोंद पुढच्या भाकिताच्या आधारांत जमा झाली. कॅनडांतील सहा रुग्णालयांच्या २०११ सालच्या पाहणींत डोक्याच्या गंभीर दुखापतीनंतरच्या मृत्यूंपैकीं शेंकडा ७० मृत्यु जीवनाधार काढून घेतल्यानंतर झाले होते. आणि हें प्रमाण एका रुग्णालयांत शेंकडा ४५, तर दुसऱ्यांत शेंकडा ८७ च्या जवळ होतें. रोग तोच असतां इतकें अंतर पडावें, याचा अर्थ निर्णयांत परीक्षकाच्या मनाचा वांटा मोठा होता. २०१८ सालीं अमेरिकन मज्जातंतुतज्ज्ञांच्या संस्थेनें जे नवे नियम केले, त्यांत दोन गोष्टी प्रमुख आहेत. दुखापतीनंतर पहिल्या २८ दिवसांत सरसकट निराशेचें भाकीत करूं नये. आणि ‘कायमची’ हा शब्द सोडून ‘दीर्घकालीन’ म्हणावें. जेनेट आणि प्लम यांनीं १९७२ सालीं राखलेला संयम सेहेचाळीस वर्षांनीं असा परत आला.

मुंबईकरांना हा प्रश्न पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तेथेंच अमानुष हल्ला झाला. गळा आंवळल्यानें मेंदूचा प्राणवायु तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयांत होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनीं त्यांना हिंडतांना पाहिलें नव्हतें त्यांनींहि त्यांना न्हाऊं-माखूं घातलें, घांस भरविला. त्यांना शांतपणें मरूं द्यावें असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां एक विलक्षण अडचण उभी राहिली. अर्जाप्रमाणें त्यांना कसलीच जाणीव नव्हती. रुग्णालयाच्या म्हणण्याप्रमाणें त्या अन्न स्वीकारीत, कधीं आवाज करून प्रतिसाद देत. प्रश्न कायद्याचा खरा, पण त्याच्या मुळाशीं निदान होतें. म्हणून न्यायालयानें तीन डॉक्टरांचें मंडळ नेमलें. वनस्पतिवत् अवस्थेच्या बहुतेक कसोट्या लागू पडतात, असें त्या मंडळानें सांगितलें. ७ मार्च २०११ रोजीं अर्ज फेटाळला गेला. मात्र जीवनाधार काढून घेण्याचा मार्ग, उच्च न्यायालयाच्या संमतीच्या अटीवर, देशांत प्रथमच मोकळा झाला. २०१८ सालीं सन्मानानें मरण्याचा हक्क आणि मनुष्यानें शुद्धींत असतां आधीं लिहून ठेवलेली इच्छा यांनाहि मान्यता मिळाली.

अरुणा शानबाग यांच्या प्रकरणांत परस्परविरुद्ध सांगणाऱ्या दोन्ही बाजू आपापल्या परीनें त्यांच्याविषयींच्या करुणेनें बोलत होत्या. पण ‘तिला काय हवें आहे’ हें सांगण्यापूर्वीं ‘तिला कळतें का’ हें ठाऊक असावयास हवें, आणि तेंच ठरविणें सर्वांत कठीण होतें. म्हणून निदानाची काटेकोर परीक्षा हा आशावाद्यांचा हट्ट नव्हे, तसाच तो निराशावाद्यांचा छळहि नव्हे. जो खरोखर परत येणार नाहीं त्याच्या आप्तांना तें स्पष्ट सांगणें हाहि धर्मच आहे, आणि तेंहि नीट परीक्षा केल्यावांचून सांगतां येत नाहीं.

चरकानें संन्यासांतील रोग्याला ‘मेल्यासारखा’ म्हटलें. मेलेला म्हटलें नाहीं, आणि त्याच्यासाठीं उपायांची यादी दिली. त्यानंतर साधनें पालटलीं. सुईच्या जागीं चुंबकयंत्र आलें. पण आजहि एखाद्या अतिदक्षता विभागाच्या दाराशीं कुटुंबीय जेव्हां विचारतात, ‘याला कळतें आहे का? हा शुद्धीवर येईल का?’, तेव्हां चांगला डॉक्टर पहिल्या प्रश्नासाठीं पुन्हां एकदां रोग्याजवळ जातो, आरसा हातीं घेतो, त्याला नांवानें हांक मारतो आणि थांबतो. आणि दुसऱ्या प्रश्नाला, जितके दिवस थांबणें न्याय्य असेल तितके दिवस, थांबावयास सांगतो.